चंद्रीच्या डाव्या बाजूला

नवा घोडा घरी आणल्यावर बहुतेक माणसं एकच चूक करतात. त्याच संध्याकाळी त्याला टांग्याला जोडून गल्लीतून मिरवून आणतात. शेजाऱ्यांनी बघावं, बायकोनं ओवाळावं, असं त्यांना वाटत असतं. घोड्याला मात्र त्या दिवशी यातलं काहीच नको असतं. पाण्याची चव बदललेली, गवताचा वास बदललेला, अंगावरून फिरणारा हात बदललेला. तो धन्याकडं बघतच नाही, दाराकडं बघत उभा असतो.

माझं काम तिथून सुरू व्हायचं. बेळगावात लोक मला घोडामास्तर म्हणायचे, निम्मं कौतुकानं आणि निम्मं चेष्टेनं. नव्या धन्याकडं आलेलं जनावर शांत करायचं, जुन्या कामाची सवय सोडवायची आणि नवं काम शिकवायचं, हा माझा धंदा. माझे वडील एका संस्थानच्या पागेत मोतद्दार होते, घोड्यांची निगा राखायचे. हात मला त्यांच्याकडून मिळाला. रागही त्यांच्याकडूनच मिळाला असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. ते खरं नव्हे. राग माझा स्वतःचा होता.

पिरनवाडीला रस्त्याच्या कडेला माझा लहानसा तबेला होता. आलेल्या घोड्याला आधी काही दिवस मी काहीच शिकवत नसे. खाणं, पाणी आणि खरारा, एवढंच. दुसरा घोडा दिसेल अशा जागी त्याला बांधायचं, म्हणजे त्याचा जीव थाऱ्यावर येतो. मग साज जमिनीवर टाकून हुंगू द्यायचा, नंतर पाठीवर ठेवायचा. पुढं लगामाच्या लांब वाद्या धरून मागून चालायचं. मग ओंडका ओढायला लावायचा. मागून काहीतरी खडखडत येतं, पण ते आपल्याला खात नाही, हे एकदा पटलं की निम्मं काम झालं. त्यानंतर रिकामा टांगा, मग वाळूच्या पोत्यांचा टांगा. माणसं सगळ्यात शेवटी.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची यायची. निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं रुबाबासाठी पांढराशुभ्र घोडा घेतला होता. तो आधी वरातीत चालायचा हे विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. शेठ वखारीकडं निघाले असताना बाजारात कुणाच्या तरी लग्नाचा ताशा वाजला आणि घोडा शेठना घेऊन नाचत नाचत मिरवणुकीच्या पुढं जाऊन उभा राहिला. "शेठ, नवरी कुटं हाय?" म्हणून बाजार ओरडला. दुसऱ्या दिवशी शेठ माझ्या दारात.

"मास्तर, ह्येचं नाचणं बंद करा, न्हायतर मला गाव सोडाय लागतंय."

मी घोड्याला मारलं नाही. पिरनवाडीचा एक ताशेवाला गाठला आणि त्याला घोड्याच्या खाण्याच्या वेळी तबेल्यात येऊन वाजवायला सांगितलं. तोंडाला हुलग्यांचा तोबरा बांधलेला घोडा नाचेल कसा? हळूहळू ताशा ऐकला की तो उभा राहून तोबरा शोधायला लागला. शेठ घोडा घेऊन गेले आणि महिन्याभरानं तक्रार घेऊन परत आले.

"आता ताशा वाजला की हा जागचा हालत न्हाय. माणसं म्हणत्यात, शेठ वरात बगाय थांबल्यात."

"मग बगा की," मी म्हटलं. शेठ पोट धरून हसले.

हा किस्सा मी अभिमानानं सांगत असे. जुनी सवय मारून जात नाही, तिच्या जागी दुसरी ठेवावी लागते, हे मी त्या घोड्यावरून चारचौघांत समजावून द्यायचो. आणि तरीही चंद्रीच्या वेळी मीच ते विसरलो.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट आहे. तोफा ओढायला मोटारी आल्या आणि तोफखान्यातली घोडी लिलावात निघायला लागली. अशीच काही घोडी बेळगावच्या कॅंपात विक्रीला आली होती. वडगावचा टांगेवाला भीमाप्पा मला घेऊन तिथं गेला. पन्नाशीचा, काटकुळा, अखंड बोलणारा माणूस. त्याचा जुना घोडा उन्हाळ्यात पोटशूळानं गेला होता आणि टांगा दारात दांड्या वर करून उभा होता.

भीमाप्पाच्या टांग्याला एक विशेष काम होतं. वडगाव विणकरांचं. घरोघरी माग, घरोघरी साड्या. तिथल्या तीन घरांनी आपल्या पोरींना चौथीच्या पुढं शिकवायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी त्या शहरातल्या मुलींच्या शाळेत जायच्या. वाट लांबची. मध्ये शहापूरचा बाजार आणि रेल्वेचं फाटक. आयाबापांनी पोरी पाठवल्या त्या केवळ भीमाप्पाच्या भरवशावर. टांगा बंद म्हणजे शाळा बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यातला दत्तू अण्णा, शांताचा बाप, लिलावाच्या आदल्या दिवशीच भीमाप्पाला बजावून गेला होता.

"आप्पा, शाळा उघडायच्या आत घोडं आण. आन गरीब आण. पोरगी घरात बसली की म्हातारी तिला मागाच्या कामाला लावंल, आन एकदा लावली की मग मलाबी न्हाय म्हनाय जमायचं न्हाय."

कॅंपात मी एक तांबूस घोडी निवडली. पाय स्वच्छ, छाती रुंद, डोळा शांत. कपाळावर पांढरा चांद होता म्हणून भीमाप्पानं तिथंच तिचं नाव चंद्री ठेवलं. "ही तोफेची आहे, ओढायचं काम हिला शिकवायला नको," मी मोठ्या खात्रीनं म्हणालो. भीमाप्पानं माझ्या शब्दावर ती घेतली.

तबेल्यात ती चटकन रुळली. खाणं चांगलं, पाय उचलून द्यायची, ओंडक्याकडं तिनं मान वळवूनही बघितलं नाही. मच्छेच्या रस्त्यावर मी तिला हातात धरून फिरवलं तर सावलीसारखी चालली. भीमाप्पा रोज वडगावहून चालत यायचा आणि तिच्याशी बोलत बसायचा.

"हिला सगळं येतंय मास्तर. आता नुसतं शाळेची वाट दावायची."

पण टांग्याला जोडली आणि घोडीचा नूरच पालटला. चार पावलं सरळ गेली की ती डावीकडं कलायला लागायची. नुसती कलायची नाही, डावा खांदा पुढं घालून रेटायची. रस्त्यावर आपण डाव्या हातानंच चालतो, त्यामुळं डावीकडं रेटणं म्हणजे टांगा गटारात. पहिल्याच दिवशी चाक चरात गेलं आणि वाळूची पोती रस्त्यावर सांडली.

मला वाटलं, तोंडाची कडक आहे, उजवा लगाम मानत नाही. लष्करातली दांडगी घोडी, दुसरं काय! शिवाय टांग्याच्या घोड्याला डोळ्यांच्या बाजूनं झापडं असतात, म्हणजे त्यानं समोरच बघावं. तिची झापडं मी आणखी आवळली. तरी ती कलायचीच. उलट जास्तच. शाळा उघडायचे दिवस जवळ येत होते. भीमाप्पा तक्रार करत नसे, पण त्याचं ते अखंड बोलणं थांबलं होतं, आणि ते मला फार लागायचं. शेवटी मी काटेरी लगाम काढला. आतून दाते असलेली ती कडी माझ्या वडिलांची. ती मी तिच्या तोंडात घातली आणि उजवीकडं ओढत राहिलो. ती कलायची, मी ओढायचो. घरी आलो तेव्हा तिच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून रक्त ठिबकत होतं.

भीमाप्पानं ते बघितलं. धोतराच्या सोग्यानं तिचं तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाला, "मास्तर, हिनं काय गुन्हा केलाय का?"

मला राग आला होता तो घोडीचा नव्हता. मी निवडलेलं जनावर वाईट ठरलं तर माझं नाव जाईल, हे भय होतं. त्या भयापायी मी एका मुक्या तोंडात काटे घातले. आज हे लिहितानाही हात जड होतो. पण ते सोडून पुढचं लिहिता येणार नाही, कारण पुढचं सगळं त्या जखमेतूनच निघालं.

दुसऱ्या दिवशी मी सगळा साज उतरवला, झापडंसुद्धा. जखमेला लोणी आणि हळद लावली आणि तिला नुसत्या दाव्यानं फिरवायला नेलं. आमच्या धंद्यातली रीत अशी की घोड्याजवळ जायचं ते डाव्या बाजूनं, धरायचं डाव्या बाजूनं, चढायचं डाव्या बाजूनं. वडिलांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. आजवर चंद्रीला मी तसंच धरलं होतं. पण जखम होती उजवीकडं आणि माशा बसत होत्या. त्या हाकलायला म्हणून मी त्या दिवशी प्रथमच उजव्या बाजूनं चाललो.

चार पावलांत घोडी डावीकडं कलली. मला ओढत रस्त्याच्या कडेला गेली.

मी थांबलो. फिरून डाव्या बाजूला आलो. ती सरळ चालली, आणि चालताना तिचा खांदा माझ्या खांद्याला हलकासा टेकला. पुन्हा उजवीकडं गेलो. पुन्हा कलली. आणि मग तरुणपणी कॅंपाच्या मैदानावर बघितलेलं सगळं माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. तोफ ओढणारी घोडी जोडीनं असतात. जोडीतल्या डाव्या घोड्यावर शिपाई बसतो आणि उजवा घोडा त्याच्या अंगाला अंग लावून पळतो. चंद्री उजव्या अंगाची होती. इतकी वर्षं तिच्या डाव्या बाजूला कुणीतरी होतं. टांग्यात ती एकटी पडली होती आणि जोडीदार कुठं गेला म्हणून त्याला शोधत होती. मी झापडं आवळली तेव्हा तर तिला दिसणंच बंद झालं. मग ती खांद्यानं चाचपत होती. आणि हातात धरल्यावर ती खोड दिसली नाही, कारण रीतीप्रमाणं तिच्या डावीकडं रोज मीच चालत होतो.

भीमाप्पा आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. त्यानं घोडीच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हंजे हिचा जोडीदार ऱ्हायला तिकडंच."

"व्हय."

"मग जोडीदार पायजे, एवढंच न्हवं? मी चालतो की हिच्याबरुबर."

"आप्पा, वडगावपास्नं शाळंपतुर?"

"मग काय झालं? माझं पाय काय लिलावात निगाल्यात?"

मला वाटलं चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आम्ही वडगावात टांगा नेला. चंद्रीच्या तोंडात साधी गुळगुळीत कडी होती आणि डाव्या डोळ्याचं झापड मी कापून टाकलं होतं. मी हाकायला बसलो होतो. भीमाप्पा घोडीच्या डाव्या गालाशी, मानेवर हात ठेवून उभा. पोरींच्या आधी बाप बसणार, असं दत्तू अण्णानं जाहीर केलं होतं. तो आणि आणखी दोघे विणकर टांग्यात चढले. गल्ली बघायला जमली.

"आप्पा, टांगंवाला कोण आन घोडं कोण त्ये तरी सांग," कुणीतरी ओरडलं.

"पाटीमागं बसलंय त्ये वजं, एवढं ध्यानात ठेव," भीमाप्पा म्हणाला, आणि निघाला.

शहापूरपर्यंत जाऊन आलो. घोडी दोरी लावल्यासारखी सरळ गेली. दत्तू अण्णा उतरला, पण त्याच्या चेहऱ्यावरचा घोर गेला नव्हता.

"घोडी गरीब हाय, कबूल. पर जिला चालायला माणसाची टेकण लागती, ती पोरींना कशी संबाळणार? उद्या तू आजारी पडलास तर? फाटकाजवळ गडबड झाली तर?"

"तवर शिकंल ती," भीमाप्पा म्हणाला.

"शिकली तर ठीक. तू चालतोयास तवर पोरी येतील. पर तू थांबलास आन घोडी कलली, की त्या दिवशी शाळा बंद. मग मला दोष देऊ नगंस."

दुसऱ्या दिवसापासून आमची वरात सुरू झाली. टांग्यात तीन पोरी, पुढं हाकायला मी, आणि घोडीच्या डावीकडं निम्मं चालत, निम्मं पळत भीमाप्पा. शहापूरच्या बाजारात रोज नवी थट्टा व्हायची. "आप्पा, दमला असशील तर आत बस, घोडीला हाकू दे!" तो सगळ्यांना उत्तर द्यायचा आणि उरलेला वेळ चंद्रीशी बोलायचा. बाजारभाव, सुनेची कुरकुर, विठ्ठलाच्या देवळातलं भजन, सगळं तिला सांगायचा. मागं बसून पोरी ऐकायच्या आणि खिदळायच्या.

शिकवणं असं चाललं होतं. आधी भीमाप्पाचा हात तिच्या गालाशी. काही दिवसांनी मानेवर. मग साजाच्या पट्ट्यावर. मग टांग्याच्या दांडीवर. दर खेपेला तो थोडा मागं सरकायचा, पण आवाज तोच आणि डावीकडूनच. ती कान मागं फिरवून ऐकायची. अंगाला अंग लागायचं बंद झालं, पण आवाज आहे म्हणजे जोडीदार आहे, एवढं तिला उमगत होतं. आयुष्यभर मी घोडे शिकवले, पण एवढं सावकाश, एवढं न रागावता शिकवलेलं मी प्रथमच बघत होतो, आणि शिकवणारा मी नव्हतो. मी नुसत्या वाद्या सैल धरून बसायचो. तेही मला नव्यानं शिकावं लागलं.

गणपती उठले त्याच्या पुढच्या आठवड्यात, फाटकाजवळ तो प्रसंग आला.

गाडी जायची होती म्हणून फाटक लागलेलं. दोन्ही बाजूंना बैलगाड्या, टांगे, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका. गाडी गेली, फाटक उघडलं, आणि गर्दी रुळांवरून हलायला लागली. तेवढ्यात बाजूच्या रुळावर उभ्या असलेल्या इंजिनानं एकदम वाफ सोडली. कानठळ्या बसवणारा आवाज. आमच्या पुढच्या टांग्याचा घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. उजवीकडच्या बैलगाडीचे बैल बिथरून आमच्या अंगावर आले. चंद्री बिचकली नाही. तोफेच्या तोंडाशी राहिलेली ती, इंजिनाची वाफ तिला काय सांगणार! पण बैलांचा धक्का टांग्याला बसला, दांडी हिसकली, आणि दांडीला धरून चालणारा भीमाप्पा डावीकडच्या गटारात पडला.

आता तिच्या डावीकडं कुणी नव्हतं. ती कलली असती तर चाक त्याच्या अंगावरून गेलं असतं. मागं तीन पोरी होत्या. माझ्या हातात वाद्या होत्या आणि उजवा हात आपोआप आवळला गेला. जुना हात. ओढ, म्हणत होता. मी तो हात कसा सैल केला ते मला आजही सांगता येत नाही. पण केला. वाद्या ढिल्या सोडल्या आणि गप्प बसलो.

गटारातून भीमाप्पाचा आवाज आला, नेहमीसारखाच. "चल गं बाई. म्होरं चल. मी हाय हितंच."

चंद्रीनं कान मागं फिरवला आणि ती निघाली. बैलांच्या शिंगांजवळून, उभ्या राहिलेल्या घोड्याच्या बाजूनं, रुळांवरून, एकटी, सरळ. पलीकडं जाऊन मोकळी जागा आल्यावर स्वतःहून थांबली आणि मान डावीकडं वळवून मागं बघत राहिली.

"आप्पा, या की लवकर! ती थांबलीया तुमच्यासाटी!" शांता टांग्यातून उभी राहून ओरडत होती. पोरी घाबरल्या नव्हत्या. त्यांना ती सगळी गंमतच वाटली होती.

भीमाप्पा लंगडत आला. गुडघा फुटलेला, कपडे चिखलानं भरलेले. त्यानं घोडीच्या कपाळाला कपाळ लावलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मास्तर, सरका जरा. आज मी वर बसतो." तो माझ्या डावीकडं बसला. मी वाद्या त्याच्या हातात दिल्या. शाळेपर्यंत चंद्रीच्या बाजूला कुणी चाललं नाही. ती कुठंही कलली नाही. भीमाप्पा मात्र वाटभर बोलत होता आणि मला काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते.

त्या दिवशीची हकिकत संध्याकाळी आमच्या आधीच वडगावात पोचली. पोरी कितीही गप्प राहिल्या असत्या तरी बाजार गप्प राहणार नव्हता. दत्तू अण्णानं उद्यापासून टांगा बंद म्हणून सांगितलं तर काय बोलायचं, याचा मी रात्रभर विचार करत होतो. सकाळी भीमाप्पा हाकायला बसला आणि अडीअडचणीला असावा म्हणून मी त्याच्या शेजारी. गल्लीच्या तोंडाशी दत्तू अण्णा उभा होता. शांता होतीच. तिच्या मागं, तिच्यापेक्षा लहान, तेल लावून वेणी घातलेली आणखी एक पोरगी होती.

"ही धाकटी," तो म्हणाला. "मागाच्या कांड्या भरायला घरात ठिवलीती. म्हातारी करंल काय व्हय ती कुरकुर." मग घोडीकडं न बघता, जमिनीकडं बघत विचारलं, "जागा हाय का रं आप्पा?"

भीमाप्पानं मागं बघितलं. मागं तिघी दाटीनं बसायच्या. मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

"हाय की," तो म्हणाला. "मास्तर उतरत्यात न्हवं."

मी उतरलो. पोरीला उचलून माझ्या जागी बसवलं. टांगा निघाला आणि शहापूरच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी तिथंच उभा राहिलो. कुठल्याही कामावरून मी इतक्या आनंदानं उतरलेलो नाही.